सायनाच्या आधीही पदकं होती

एशियाडची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बॅडमिंटनमध्ये आपल्याला पहिलं पदक 2018 साली जकार्तात सायना-सिंधूनं मिळवून दिलं.’ हे खरं नाही.

पहिलं पदक 1974 चं. तेहरानमध्ये पुरुष संघानं कांस्य जिंकलं, त्या संघात तरुण प्रकाश पदुकोण होते. आणि 1982 चं दिल्ली एशियाड तर आपण फारच सहज विसरलो. तिथे एकट्या बॅडमिंटनमध्ये पाच कांस्यपदकं आली! सय्यद मोदी एकेरीत, लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे पुरुष दुहेरीत, डिसा व कंवल ठाकूर सिंग मिश्र दुहेरीत. शिवाय पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ. पुढे 1986 ला सोलमध्ये पुरुष संघ, 2014 ला इंचॉनमध्ये महिला संघ. म्हणजे जकार्ताआधीच आठ.

मग गैरसमज आला कुठून? 1982 नंतर वैयक्तिक पदकासाठी 36 वर्षं वाट पाहावी लागली, आणि सांघिक कांस्य आपल्याकडे कोण लक्षात ठेवतं? शिवाय सायनाचं कांस्य हे महिला एकेरीतलं भारताचं पहिलं पदक होतंच, तर सिंधूचं रौप्य हे एशियाड बॅडमिंटनमधलं पहिलं रौप्य. त्यातला ‘पहिलं’ तेवढा उरला, बाकी गळालं.

सुवर्ण मात्र खरोखरच नवं आहे. ते 2023 मध्ये हांगझोऊला सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईच्या चिराग शेट्टीनं दुहेरीत मिळवलं.