लहान ग्रीक ब्राँझ नाणी : ओळख

प्राचीन ग्रीक नगरराज्यांनी व राजांनी किरकोळ व्यवहारासाठी पाडलेली, साधारण १० ते २० मिमी व्यासाची नाणी. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिली व दक्षिण इटलीत ती दिसू लागली आणि चौथ्या शतकात बहुतेक ग्रीक जगात रूढ झाली. अथेन्सच्या हिशोबात आठ खाल्कस (ब्राँझची नाणी) म्हणजे एक ओबोल (चांदीचे छोटे नाणे). चांदीचे मोल धातूतच असल्याने ते नाणे दूरवर चाले. ब्राँझ चाले ते शहराच्या भरवशावर, वेशीबाहेर त्याला फारसा भाव नसे. म्हणून नाणे कुठे सापडले हे कळले तर निम्मे काम झाले. वजनावर मात्र विसंबू नये. एकाच छापाची नाणी बरीच कमीजास्त भरतात.

नवशिक्याची नजर आधी दर्शनी बाजूच्या चेहऱ्यावर जाते आणि तिथेच तो फसतो, कारण पर्णमाळ घातलेला अपोलो देव कितीतरी शहरांनी वापरला. खरी ओळख मागच्या बाजूला असते : शहराचे चिन्ह आणि नावाची एक-दोन अक्षरे. एफेससची मधमाशी, अथेन्सचे घुबड. रोड्सने गुलाब घेतला, कारण ग्रीकमध्ये गुलाबाला ‘रोडोन’ म्हणतात. शहराने स्वतःच्या नावावर केलेली ही कोटीच. गुलाबाच्या दोन बाजूंना ‘र’ आणि ‘ओ’ असतात, पण ग्रीक ‘र’ इंग्रजी ‘पी’सारखा दिसतो. तो ‘प’ वाचला की शोध भलत्याच गावी जातो. पूर्ण नाव असल्यास शेवटी बहुधा ‘ओन’ येते, म्हणजे ‘अमुक नगरवासीयांचे’. ‘बासिलेओस’ म्हणजे ‘राजाचे’. इंडो-ग्रीक राजा मिनँडर (मिलिंद) याच्या तांब्याच्या चौकोनी नाण्यांवर या शब्दाच्याच जोडीला दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत ‘महारजस’ येते.

सिंहाचे कातडे पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लीस आणि मागे धनुष्याचा भाता व गदा असेल तर नाणे अलेक्झांडरच्या नावाचे. पण अशी नाणी त्याच्या मृत्यूनंतरही (इ.स.पू. ३२३) पडत राहिली, तेव्हा नावावरून काळ ठरत नाही.

अक्षरे पार झिजली असतील तर चकतीच पाहावी. इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या बऱ्याच ब्राँझ नाण्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध खळगा असतो. सीरियाच्या सेल्युसिड राजांच्या काही नाण्यांची कड सोड्याच्या बाटलीच्या बुचासारखी दातेरी असते. बाकी पुसट रेषा दिव्याखाली नाणे तिरके धरले की उठून दिसतात. तांब्याची भांडी घासतात तसे चिंच लावून मात्र घासू नये. पुष्कळदा अक्षरे गंजाच्या हिरव्या थरातच टिकून असतात आणि तो गेला की खाली नुसता खडबडीत धातू उरतो.