साठ दिवस कुठून मोजायचे? बांधकाम परवानगीच्या मुदतीची पार्श्वभूमी

बांधकामाच्या अर्जावर सरकारी कार्यालयाने किती दिवसांत निर्णय द्यावा, याचं उत्तर आपल्या कायद्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपासून लिहिलेलं आहे. दिवसांचा आकडा वेळोवेळी बदलला. ते दिवस कुठून मोजायचे आणि मोजणी कोणाच्या हातात राहणार, हा गुंता मात्र आजही सुटलेला नाही. अर्ज घेऊन खेटे घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच आहे.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. बांधकाम करायचं असेल तर मालकाने आयुक्तांना तशी नोटीस द्यायची, असं त्याचं ३३७ वं कलम सांगतं. खरी गंमत ३४५ व्या कलमात आहे. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्तांनी लेखी नापसंती कळवली नाही, तर मालकाने कामाला लागावं. म्हणजे महापालिका गप्प बसली तर तो होकार धरायचा. पुढच्या कलमाप्रमाणे आयुक्त आपली नापसंती कारणांसह कळवू शकतात. त्यातूनच मुंबईच्या बांधकाम व्यवसायातला तो सुप्रसिद्ध कागद आला, ‘आयओडी’. ‘आयओडी मिळाली’ म्हणून पेढे वाटले जातात, पण शब्दशः पाहिलं तर ते ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, नापसंतीचं पत्र! अमुक अटी पूर्ण होईपर्यंत आमची नापसंती, असा त्याचा अर्थ. नागरिक काय करणार ते कळवतो आणि हरकत असेल तर कार्यालयाने ती मुदतीत सांगायची, ही त्यामागची मूळ मांडणी. मला ती आजही मोलाची वाटते.

१९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, म्हणजे एमआरटीपी, आला आणि ही मांडणी बदलली. आता परवानगी मागायची होती. मुदत मात्र राहिली. कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली आहे असं मानलं जातं. हीच ती ‘मानीव परवानगी’. अर्थात प्रस्ताव विकास नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. हे बंधन योग्यच आहे, नाहीतर नुसत्या दिरंगाईच्या जोरावर बेकायदा मजले उभे राहिले असते.

पण त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. साठ दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून, किंवा प्राधिकरणाने मागितलेल्या पूर्ततेला अर्जदाराने उत्तर दिल्याच्या तारखेपासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून. कार्यालयीन भाषेत याला ‘त्रुटी काढणे’ म्हणतात. त्रुटी निघाली आणि उत्तर गेलं, की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. आधी गेलेले दिवस हिशेबातून पुसले जातात.

माझ्या मावशीच्या घराच्या वेळी मी हे जवळून पाहिलं. गाव आणि कार्यालय कोणतं ते सांगत नाही. जूनमध्ये प्रस्ताव दाखल केला. आवक शाखेतल्या कारकुनाने पोहोचेच्या प्रतीवर गोल शिक्का मारला, त्यात निळ्या शाईने नंबर आणि तारीख घातली. ती प्रत मावशीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फडताळात ठेवली. अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आलं : जोडलेला सातबारा एका महिन्याच्या आतला हवा. दाखल केला तेव्हा तो बारा दिवसांपूर्वीचा होता. महिना उलटला होता तलाठ्याच्या सहीला, कागद जुना झाला होता त्यांच्याच टेबलावर. नवा उतारा काढून दिला आणि साठ दिवस पुन्हा सुरू झाले. मग दुसरी त्रुटी, मोजणी नकाशाची. ती पहिल्याच पत्रात सांगता आली असती.

कार्यालयांच्या बाजूने प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बसण्याची रचना, दप्तर आणि लोकांशी होणारा व्यवहार इतका बदलला, की ‘लखीना पॅटर्न’ हा शब्दच महसूल खात्यात रुळला. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम लावून धरली. कपाटातले गठ्ठे सोडायचे, वर्गवारी करायची आणि प्रत्येक टेबलावर किती कागद किती दिवसांपासून पडून आहेत ते मोजायचं. असे प्रयत्न माणसावर चालतात. अधिकारी बदलून गेला की कपाटं हळूहळू पुन्हा भरू लागतात.

म्हणून कायद्याची मागणी झाली. माहितीच्या अधिकारासाठी लढणाऱ्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनात दप्तरदिरंगाईविरोधी कायद्याचाही आग्रह होता. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा, नावात २००५ असलेला राज्याचा कायदा त्यातून आला. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणार नसेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि पाठवावी लागली तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण आपली फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस राहिली, हे बाहेरच्या माणसाला दिसणार कसं? ते पाहायलाच वेगळा माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागे.

सेवाहमीचा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. २८ एप्रिलला आधी अध्यादेश आला, म्हणून ती तारीख ‘सेवा हक्क दिन’ म्हणून पाळली जाते. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलं, त्यांवर आयोग, आणि कसूर झाली तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड. यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अर्जाला मिळणारा क्रमांक, ज्यावरून अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता येते. आवक शिक्क्याची जागा त्याने घेतली, आणि पहिल्यांदाच तारीख दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसू लागली. तरीही मुदत मोजायची ती ‘परिपूर्ण’ अर्जापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणार कार्यालयच.

याच काळात बाहेरूनही दडपण आलं. जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ अहवालात बांधकाम परवान्यांसाठी १९० देशांत भारत २०१८ च्या आवृत्तीत १८१ वा होता. २०२० च्या आवृत्तीत तो २७ वा झाला. मधल्या काळात मुंबई आणि दिल्लीत परवानगीची प्रक्रिया ऑनलाइन झाली, ना हरकत दाखल्यांच्या पायऱ्या एकत्र आल्या, आणि हे काम खरंच झालं. मात्र मोजणी होती फक्त या दोन शहरांची, तीही एका नमुना गोदामाच्या परवानगीची. बार्शीतल्या किंवा चिपळुणातल्या राहत्या घराचा त्या आकड्याशी संबंध नव्हता. इतर काही देशांच्या आकडेवारीत गडबड आढळल्यानंतर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. मुंबईसारखे काही अपवाद सोडून ती राज्यभर लागू आहे. छोट्या भूखंडांना, जोखीम कमी असल्याने, वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर झटपट वाट मिळाली. दोन-तीन गुंठ्यांवर आयुष्याची पुंजी लावणाऱ्यांसाठी हे मोठंच पाऊल आहे.

राहिलं ते त्रुटींचं. माझी मागणी साधी आहे : छाननी एकदाच करावी, सगळ्या त्रुटी पहिल्या पंधरवड्यात एकाच पत्रात कळवाव्यात, आणि परवानगीच्या कागदावर पहिल्या अर्जाची तारीखही छापावी. मावशीला परवानगी एप्रिलमध्ये मिळाली. कार्यालयाच्या नोंदीत तिचं प्रकरण एकेचाळीस दिवसांत, म्हणजे मुदतीत निकाली निघालेलं आहे. शेवटच्या पूर्ततेपासून मोजलं तर ते बरोबरही आहे. फडताळातल्या पोहोचेवर मात्र जूनची तारीख आहे, आणि मधला पावसाळा ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली.