रँडम सॅम्पलिंग आणि रँडम असाइनमेंट: प्रोजेक्ट लिहिण्याआधी एवढं वाचून घ्या

सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टमध्ये हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘आम्ही रँडम सॅम्पल घेतलं’. कसं घेतलं विचारलं की उत्तर येतं, मॅडम, संध्याकाळी इथे इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभे राहिलो आणि जो दिसला त्याला फॉर्म दिला. मुलांनो, हे रँडम नाहीये, हे कन्विनियन्स सॅम्पल आहे, सोयीने मिळालेली माणसं. ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सगळ्यांची आधी यादी लागते आणि त्या यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी नावं निघायला हवीत. भंवरकुव्याला कोचिंग करणाऱ्या सगळ्या मुलांची अशी यादी कुणाकडे असणार? म्हणूनच खरं रँडम सॅम्पलिंग इतकं अवघड असतं.

आणि माणसं भरपूर घेतली म्हणजे झालं असंही नाही. 1936 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी, गाड्यांची नोंदणी अशा याद्यांवरून जवळपास 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून उमेदवार अल्फ लँडन जिंकणार असं छापलं आणि 48 पैकी 46 राज्यं समोरच्या रूझवेल्टने जिंकली. मंदीच्या काळात फोन-गाडीवाले म्हणजे सगळा देश नव्हता, शिवाय उत्तर कोण पाठवतं आणि कोण नाही हाही घोळ होताच.

आता असाइनमेंट. इथे माणसं आधीच आपल्यासमोर बसलेली असतात, ती कशीही आली असोत, प्रश्न एवढाच की कोण कुठल्या गटात जाणार. समजा मोठ्याने वाचल्यावर शब्द जास्त लक्षात राहतात का हे बघायचंय आणि वर्गात 40 जण आहेत. बरेच जण पुढचे बेंच एका गटात आणि मागचे दुसऱ्यात टाकून मोकळे होतात, आणि तिथेच प्रयोग बिघडतो, कारण पुढे कोण बसतं हे आपल्या सगळ्यांना माहितीये. त्यापेक्षा 20 चिठ्ठ्यांवर ‘अ’ लिहा, 20 वर ‘ब’, डब्यात घालून नीट हलवा आणि प्रत्येकाला एक उचलायला सांगा. मग महूहून अपडाउन करणारे, रात्री जागलेले, पाठांतरात पक्के असलेले असे सगळे नशिबाने दोन्हीकडे विखुरतात, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ज्या गोष्टी आपल्या डोक्यातच आल्या नव्हत्या त्याही विखुरतात. त्यानंतर फरक आला तर तो मोठ्याने वाचण्यामुळे आला असं म्हणायला आधार मिळतो. 40 जणांत योगायोगाने गट थोडे वरखाली होऊ शकतात, हे मात्र धरून चालायचं.

मानसशास्त्रज्ञ बंडुराचा 1961 चा बोबो डॉल प्रयोग याच नजरेने वाचा, ज्यात मोठं माणूस हवेच्या बाहुल्याला मारताना बघून मुलंही तसंच वागतात का हे पाहिलं. 72 मुलं, 36 मुलगे 36 मुली, सगळी स्टॅनफर्डच्या एका नर्सरीतली, म्हणजे रँडम सॅम्पल अजिबात नाही. पण आधी मुलांचा आक्रमकपणा रेट केला, मिळत्याजुळत्या स्कोअरची तीन-तीन मुलं एकत्र केली आणि मग त्या तिघांना तीन गटांत रँडम वाटलं. त्यामुळे आक्रमक मोठं माणूस बघण्याचा परिणाम झाला हे तो ठामपणे म्हणू शकला, पण जगातली सगळी मुलं अशीच वागतील हे त्या 72 वरून ठरत नाही. सॅम्पलिंगने ‘कुणाबद्दल बोलू शकतो’ ठरतं आणि असाइनमेंटने ‘कशामुळे झालं’. व्हायव्हात एक्स्टर्नल आणि इंटर्नल व्हॅलिडिटी विचारली तर हेच सांगायचं, पहिली म्हणजे एक्स्टर्नल, दुसरी इंटर्नल.

काही विषयांत असाइनमेंट होऊच शकत नाही. होस्टेलवाले आणि घरून येणारे यांच्या ताणाची तुलना आपल्याकडे दरवर्षी कुणीतरी करतंच, पण चिठ्ठी काढून कुणाला होस्टेलवर पाठवता येत नाही. होस्टेलची मुलं बाहेरगावची असतात, कोर्स वेगळे, घरचे खर्च वेगळे, हे सगळं आधीपासूनच वेगळं. तिथे ‘दोन गटांत फरक दिसला’ एवढंच लिहा, ‘होस्टेलमुळे ताण वाढतो’ असं लिहू नका, आणि सॅम्पल सोयीने घेतलं असेल तर तसं सरळ लिहा, त्याचे मार्क कापायचं काही कारण नाही.