शिमग्याची रात्र करडी कशी झाली: फिल्मचे रोल आणि एअरपोर्टचं मशीन

मागच्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा ३२०० आयएसओचे (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील, आकडा जितका मोठा तितकी जास्त) दोन ब्लॅक अँड व्हाइट रोल नेले होते, कारण पालखी नाचवताना फ्लॅश मारला की सगळी मजाच जाते. एक रोल पुण्यात आल्या आल्या धुतला. दुसरा अर्धाच झालेला, तो कॅमेऱ्यातच राहिला, आणि महिनाभराने तोच कॅमेरा गळ्यात अडकवून मी ताईकडे नेदरलँड्सला गेलो. मध्ये फ्लाइट बदलायची होती. तिथे सिक्युरिटीवाला म्हणाला लॅपटॉप काढू नका, पाण्याची बाटली पण राहू द्या, सगळं तसंच ट्रेमध्ये ठेवा. मी मनात म्हटलं वा, काय सोय आहे! तिथेच माती खाल्ली.

परत येऊन रोल धुतला तर पहिल्या रोलमध्ये जिथे काळंकुट्ट आभाळ आणि मशालींचे ठिपके होते तिथे दुसऱ्यात पहाटे साडेपाचचा उजेड पडल्यासारखं. रात्र तीच, फिल्मही एकाच बॉक्समधली. आधी वाटलं डेव्हलपिंगमध्ये काहीतरी घोळ घातला, किंवा महिनाभर उन्हाळ्यात कॅमेऱ्यात पडून राहिल्यामुळे असेल. उकाड्याने थोडं फॉग, म्हणजे उजेड न पडताही येणारा राखाडीपणा, येतंच, पण इतकं नाही. मग दोन्ही निगेटिव्ह खिडकीला धरून शेजारी शेजारी बघितल्या. फिल्मच्या कडेला भोकं असतात ना, त्यांच्या आजूबाजूच्या पट्टीवर लेन्समधून उजेड पडतच नाही, त्यामुळे धुतल्यावर ती जवळपास पारदर्शक निघायला हवी. पहिल्या रोलची तशी होती. दुसऱ्याची भोकांपर्यंत राखाडी. म्हणजे हा "उजेड" लेन्समधून आलाच नव्हता, कॅमेऱ्याच्या पत्र्यातून आरपार आला होता.

आता हे होतं कसं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षाराचे बारीक बारीक कण अडकवलेले असतात. कणावर उजेडाचा एक फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्यामुळे चांदीचा एक अणू तयार होतो, पण एकटा अणू फार टिकत नाही, परत विरघळून जातो. साधारण चार अणूंचा पुंजका जमला की मात्र तो कण "लागला", आता डेव्हलपरमध्ये (रोल धुवायच्या रसायनात) टाकल्यावर त्यातल्या कोट्यवधी अणूंची चांदी होऊन अख्खा कण काळा पडणार. निगेटिव्हवर काळं ते फोटोत उजेड, सगळं उलटं. चार अणूंचं कोट्यवधी करणं, फिल्मची सगळी जादू ती हीच. तोपर्यंत रोल उघडून बघितला तरी काही दिसणार नाही (आणि उघडलात तर तसाही मेला).

म्हणजे उजेडाच्या बाबतीत फिल्म थोडी विसराळू आहे, एखादा चुकार फोटॉन ती माफ करते. एक्स-रेच्या बाबतीत माफी नाही. दिसणाऱ्या उजेडाच्या फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि बॅग तपासायच्या मशीनमधल्या एक्स-रेची कित्येक हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत. बरेचसे एक्स-रे फिल्ममधून काहीच न करता निघून जातात, पण जो एखादा चांदीच्या नाहीतर ब्रोमिनच्या अणूत अडकतो तो एवढ्या जोरात इलेक्ट्रॉन उडवतो की तो कण एका फटक्यात लागतो, कधी कधी शेजारचे पण. आणि हे सगळं साठत जातं, आज एकदा, परवा एकदा, येताना दोनदा, सगळ्याची बेरीज. रोल धुवून फिक्सरमधून बाहेर आला की मग काळजी नाही, कारण न लागलेले कण तेव्हा धुवून जातात. पण फोटो काढलेला आणि अजून न धुतलेला रोल कोऱ्याइतकाच नाजूक, हे लोक हमखास विसरतात. मीही विसरलो.

जास्त आयएसओच्या फिल्ममध्ये कण मोठे असतात म्हणून तिला त्रास जास्त. इन्स्टॅक्सवाल्यांनीही (लगेच फोटो बाहेर येतो तो कॅमेरा) सावध राहा, त्याची फिल्म ८०० ची असते.

गंमत म्हणजे एक्स-रेची आणि फिल्मची ओळख पहिल्या दिवसापासूनची. नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या हाताचा फोटो घेतला, हाडं आणि बोटातली अंगठी, तो फोटोग्राफिक प्लेटवरच. दोनच महिन्यांनी पॅरिसमध्ये बेकेरेल ह्या शास्त्रज्ञाने काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेट युरेनियमच्या क्षाराबरोबर ड्रॉवरमध्ये ठेवल्या, कारण ऊन पडत नव्हतं, आणि धुतल्यावर बघतो तर प्लेटवर डाग. रेडिओॲक्टिव्हिटी अशी सापडली. म्हणजे माझा खराब झालेला रोल तसा फार थोर परंपरेतला आहे, फक्त त्याला नोबेल मिळणार नाही.

मग इतकी वर्षं लोक विमानातून फिल्म नेत होते ते कसं? हँडबॅगेची जुनी मशीन वेगळी होती. बॅग पट्ट्यावरून जाते, एका-दोन बाजूंनी एक्स-रेची पातळ झोत पडते, सपाट चित्र येतं, संपलं. डोस कमी. ४०० पर्यंतची फिल्म त्यातून चार-पाच वेळा गेली तरी डोळ्याला फरक दिसत नाही, ८०० च्या वर मात्र हाताने तपासायला सांगा असा वर्षानुवर्षांचा नियम होता. आता हँडबॅगेलाही सीटी मशीन यायला लागल्यात, आपल्याकडच्या मोठ्या एअरपोर्टवर सुद्धा. हे तेच सीटी स्कॅन, हाउन्सफील्डने शोधलेलं, ज्याने १९७१ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात पहिल्यांदा माणसाच्या मेंदूचे काप बघितले आणि १९७९ मध्ये कॉरमॅकबरोबर नोबेल घेतलं. बॅगेभोवती सगळ्या बाजूंनी शेकडो कोनातून एक्स-रे घेऊन काँप्युटर त्याचं थ्रीडी चित्र जुळवतो. सुरक्षेसाठी एकदम भारी, म्हणूनच लॅपटॉप काढावा लागत नाही. पण फिल्मला शेकडो कोन म्हणजे तेवढे जास्त फटके. कोडॅकने टेस्ट करून स्पष्ट सांगितलंय की सीटीमधून एकदाही फिल्म घालू नका, म्हणजे जुना ४०० चा नियम इथे कामाचा नाही.

ओळखायचं कसं? मशीन मोठं, गुबगुबीत, भिंतीतल्या बोगद्यासारखं दिसत असेल आणि "लॅपटॉप राहू द्या" म्हणत असतील तर बहुतेक सीटी. सोय दिसली की सावध व्हायचं, हा धडा मी एक रोल घालवून शिकलो.

चेक-इन बॅगेत तर फिल्म टाकायचा विचारही नको. तिथली मशीन बरीच तगडी असतात, आणि संशय आला की त्या जागेवर अजून तीव्र किरण सोडतात, मग रोल गुंडाळलेला असल्यामुळे निगेटिव्हवर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंदीचे लाटांसारखे पट्टे येतात. शिशाची पिशवी मिळते म्हणून आनंदाने घेऊ नका, स्क्रीनवर काळा ठोकळा दिसला की कोणीही बॅग बाजूला घेऊन उघडणारच.

बरेच जण विचारतात, विमानात वर कॉस्मिक किरण असतात त्याचं काय? असतात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर तासाला तीन ते पाच मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) वगैरे. पण मशीनमधले कमी ऊर्जेचे एक्स-रे चांदीत जितके अडकतात तितके हे अतिऊर्जेचे कण अडकत नाहीत, त्यामुळे एका प्रवासात फिल्मला फरक नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही एक्स-रे पडतात हं, पण तो तेव्हा बंद असतो आणि प्रत्येक फोटोआधी साठलेला चार्ज रिकामा करतो. फिल्मला तसं पाटी पुसून सुरू करता येत नाही.

मग करायचं काय, तर रोल बॉक्समधून आणि डब्यांतून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा, सगळ्यात वर ३२०० चा रोल दिसेल असा, लवकर जा, आणि ट्रेपाशी पोचायच्या आधीच नम्रपणे हाताने तपासायला सांगा. गर्दीच्या वेळी हुज्जत घालून काही मिळत नाही. अमेरिकेत हा तुमचा हक्क समजतात, बाकी ठिकाणी समोरच्याच्या मर्जीवर. रोलवर कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचे कण आहेत का बघतात, दोन मिनिटांचं काम. कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवायचा नाही, कॅमेरा मशीनमधून जाणारच. शीट फिल्मचा (रोल नाही, सुट्या तुकड्यांची फिल्म) बॉक्स किंवा सिनेमाच्या फिल्मचा चारशे फुटी डबा असेल तर खरी पंचाईत, उघडला की संपला, म्हणून दोन बाह्यांची काळी चेंजिंग बॅग जवळ ठेवायची आणि आत हात घालून चाचपून बघा म्हणायचं. कोणी बघतं, कोणी हसतं.

अवजड सामानाचं थोडक्यात. देशांतर्गत इकॉनॉमीत हँडबॅग सात किलो. माझा मामिया आरबी ६७ हा मोठा फिल्म कॅमेरा लेन्स आणि फिल्मबॅकसकट (मागे लागणारा फिल्मचा डबा) एकटाच पावणेतीन किलोच्या आसपास, त्यात दुसरी लेन्स आणि उजेड मोजायचा मीटर टाकला की कपडे अंगावरच. ट्रायपॉड चेक-इनमध्ये जाऊ द्या, पण वरचा हेड काढून वेगळा गुंडाळा आणि उतरल्यावर स्क्रू तपासा, तासन् तासच्या थरथरीने ते हळूहळू सैल होतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट, त्या चेक-इनमध्ये टाकायच्याच नाहीत, कारण शॉर्ट होऊन पेटली तर केबिनमध्ये कोणीतरी विझवू शकतं, खाली होल्डमध्ये माणूस नसतो. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.२ व्होल्टची २२८० एमएएचची बॅटरी म्हणजे सोळा-साडेसोळा, काही प्रश्न नाही. शंभरपर्यंत चालतं, शंभर ते एकशेसाठला एअरलाइनची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात. व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांवर ९८ किंवा ९९ असे विचित्र आकडे का असतात ते आता कळलं असेल. टोकांना चिकटपट्टी लावा.

ह्या वेळी मी जाताना एकही रोल नेला नाही. तिकडेच विकत घेतले, तिकडच्याच लॅबमध्ये धुवून निगेटिव्ह घेऊन आलो, मशीनमधून बिनधास्त. चार कोरे उरले ते ताईच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आहेत, तिने दोनदा फोन करून विचारलंय की ह्या डब्या टाकून देऊ का.