बारामतीचा किरण आणि मुरमांचे खड्डे

गेल्या डिसेंबरात भाचीबरोबर कर्वे रोडवरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये पाऊण तास बसून होतो. मुरमांनी तिच्या गालांवर पडलेले खड्डे लेझरने कमी करून घ्यायचे होते. तिच्या गालांना बधिर करणारं क्रीम फासून वर पोळ्या गुंडाळायची असते तसली पारदर्शक फिल्म चिकटवली होती. आतलं लेझर मशिन कोरियाचं, त्यावर ‘सीओ-टू’, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असं लिहिलेलं. मी म्हटलं, “हे मूळचं बारामतीचं.” मामाचं काहीतरीच, अशा नजरेने तिने पाहिलं.

पण संबंध खरा आहे. सी. कुमार एन. पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, १९५८ मध्ये पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, बी.ई. झाले आणि स्टॅनफर्डमार्गे अमेरिकेच्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत पोचले. जगातला पहिला लेझर, अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर मेमनचा, माणकाचा, १९६० चा. पटेलांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर काढला. त्यांचं काम रेणूंच्या कंपनांवर होतं, कुणाच्या गालांवर नव्हे. पुढे भोसरीच्या वर्कशॉपांत वर्षानुवर्षं पत्रा कापला तोही याच जातीच्या लेझरने.

हा किरण १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो पाणी झटकन शोषून घेतं, आणि कातडीत पाणी भरपूर. त्यामुळे किरण पडला की वरचा थर वाफ होऊन उडतो, खालची कातडी भरून येताना नवं कोलॅजेन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, धरते, खड्डा थोडा उथळ होतो. त्याआधी हेच काम फिरत्या तारेच्या ब्रशने चेहरा खरवडून करत. आमच्या आजीच्या पिढीत देवीचे व्रण घरोघर होते, ते घालवायचे असतात हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे.

अडचण उष्णतेची होती. सुरुवातीचे लेझर सलग चालत, उष्णता आजूबाजूला पसरे आणि व्रण घालवताना नवा व्रण पडे. तापल्या तव्याला बोट लागून झटक्यात काढलं तर निभावतं, टेकवून ठेवलं तर फोड. हे गणित रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९८३ मध्ये नीट मांडलं: झोत इतक्या कमी वेळाचा ठेवायचा की शेजारच्या पेशींना चटका पोचायच्या आत तो संपलेला असेल. त्या हिशेबाने १९९० च्या दशकाच्या मध्यावर मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ चालणारे झोत आले आणि अमेरिकेत आख्खा चेहरा सोलून काढायची लाट आली. मागोमाग २,९४० नॅनोमीटरचा एर्बियम लेझर आला. तो पाण्यात आणखी जोरात शोषला जातो, म्हणून कमी खोल जाळतो.

ही लाट गोऱ्या कातडीची होती. तिथेही दोन आठवडे चेहरा ओला आणि पुढे महिनोन्महिने लाल. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त. ती दुखावली की काळी पडते. मुरमांचे खड्डे गेले आणि गालांवर काळे पट्टे आले, हा सौदा कोण करील? माझ्या मते आपल्याकडे लेझर खऱ्या अर्थाने रुळायला २००४ उजाडावं लागलं. त्या वर्षी डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. सगळा थर उडवायचा नाही. केसाएवढ्या बारीक उभ्या छिद्रांची जाळी पाडायची, मधली कातडी शाबूत. तीच बाजूची जखम भरून काढते. काळं पडण्याचा धोका उरतो, पण बराच कमी होतो. बदल्यात तीन-चार सिटिंग लागतात, आणि सुईने टोचल्यासारखे अरुंद खोल खड्डे एकट्या लेझरने फारसे हलत नाहीत.

क्लिनिकमध्ये आत भाचीच्या डोळ्यांवर झाकणं ठेवली. टक-टक आवाज, आणि केस जळाल्यासारखा वास बाहेर माझ्यापर्यंत आला. चौथ्या दिवशी भाचीच्या गालावर बारीक तपकिरी ठिपके होते, हाताला रव्यासारखे लागणारे. खरवडायचे नाहीत, सनस्क्रीन चुकवायचं नाही, ऊन टाळायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्कार्फ गुंडाळायला तेवढं सांगावं लागलं नाही. पुण्यात ॲक्टिव्हा चालवणारी मुलगी ती.