ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणणारे टिळक

‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता अनेकांनी शाळेत पाठ केली. पडत, उठत घरट्यातल्या पिलांपर्यंत पोचणारी ती घायाळ पक्षीण विसरत नाही. पण तिचे कवी रेव्हरंड होते, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म 1861 चा. घर चित्पावन ब्राह्मणांचं, वडील तापट, आई लहानपणीच गेलेली. पुढे नाशकात संस्कृतचं शिक्षण झालं. 1893 च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी धर्मावर गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि भाकीत केलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते काही पटलं नव्हतं. पण वाचायचा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाईंना हे आधी सांगितलंच नाही. टिळकांचं कितीही कौतुक असलं तरी ही गोष्ट पोटात घालता येत नाही. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परतल्या, त्याही सोवळं सांभाळत. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोवर जातिभेद माणसांनीच निर्माण केला हे त्यांचं त्यांनाच पटलं होतं. ही सगळी हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि ती सांगताना त्या स्वतःलाही हसतात.

धर्म बदलला, पण कवीचा कान वारकरीच राहिला. मराठी चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींत कोंबलेले मराठी शब्द पुष्कळ गायले जात. नगरला ख्रिस्ती कीर्तनं टिळकांच्या आधीच सुरू झाली होती, पण त्या वाटेला खरा कवी मिळाला तो त्यांच्या रूपानं. भजनं लिहिली, कीर्तनं केली, ‘अभंगांजली’ रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटलं. विठूला माउली म्हणणाऱ्या मुलखात हा शब्द नवा नव्हता. देवाला बाप म्हणण्याची सवय असलेल्या चर्चला मात्र नवा होता. मला वाटतं, लहानपणी आई गमावलेल्या मुलालाच हा शब्द इतका सहज सुचला असावा.

हीच माया फुलं, पाखरं आणि मुलं यांच्या कवितांत उतरली. म्हणून लोक त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणत. तरुण बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. 1912 पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत होते. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला; बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथं मज्जाव नव्हता.

9 मे 1919 ला मुंबईत ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. ग्रंथ छापून आला 1938 मध्ये, त्याही गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं ते टिळकांनीच.