थरदार बहुवारिक पटले आणि आयन

थरदार बहुवारिक पटल म्हणजे विरुद्ध विद्युतभाराची पॉलिमरे (बहुवारिके, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू) आळीपाळीने चढवून केलेले अतिपातळ आवरण. काचपट्टी धनभारित पॉलिमरच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात खळबळून घ्यायची, मग ऋणभारित द्रावणात बुडवायची, आणि हवी तितकी जाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचे. प्रत्येक नवा थर खालचा भार फेडून वर थोडा शिल्लक ठेवतो, म्हणून पुढचा थर बसतो. कोलॉइडी (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म) कणांचे असे थर रसायनशास्त्रज्ञ आर. के. आयलर यांनी १९६६ मध्ये चढवले होते. पॉलिमरसाठी ही रीत गेरो डेखर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस रूढ केली.

पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) ‘सिलार’ (आयनांचे थर एकामागून एक शोषून त्यांची अभिक्रिया घडवण्याच्या) पद्धतीने धातूंची ऑक्साइडे व सल्फाइडे चढवतात. तिथेही पट्टी आळीपाळीनेच बुडवली जाते. मात्र सिलारमध्ये न विरघळणारे घन संयुग तयार होते. पॉलिमर पटलात साखळ्या केवळ परस्परांच्या भाराने धरलेल्या असतात, आणि ही पकड साधे मीठही सोडवू शकते.

हेच मीठ थर चढवताना उपयोगी पडते. भाराचा प्रभाव ०.००१ मोलर (मोलर म्हणजे दर लिटर द्रावणातील मोलची संख्या) मिठाच्या पाण्यात सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, ०.१ मोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर. भार असा झाकला गेला की ताठ साखळ्या सैल गुंडाळतात आणि थर जाड बसतो. तयार पटल खारट द्रावणात ठेवले की चित्र पालटते. मिठाचे लहान आयन (विद्युतभारित कण) आत शिरून साखळ्यांमधल्या जोड्या फोडतात व स्वतः त्या जागी बसतात; सोबत पाणी येते, पटल फुगते, मऊ पडते आणि शेवटी विरघळते.

मीठ किती यापेक्षा कोणते, हा प्रश्न अनेकदा निर्णायक ठरतो. फ्रान्झ होफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनांवर क्षारांचा प्रभाव तपासून जो क्रम लावला, त्याच्याशी मिळताजुळता क्रम इथे दिसतो. क्लोराइडपेक्षा ब्रोमाइड आणि ब्रोमाइडपेक्षा थायोसायनेट पटल अधिक फुगवते. मोठे आयन पाणी ढिले धरतात, त्यामुळे पॉलिमरच्या धनभारित अमोनियम गटांशी सहज जुळतात. ऋणभारित पॉलिस्टायरीन सल्फोनेट आणि धनभारित पॉलिडायअ‍ॅलिलडायमिथिल अमोनियम यांचे संकुल दीड-दोन मोलर पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये विरघळते, पण तितक्याच तीव्रतेच्या सोडियम क्लोराइडमध्ये टिकते.

कॅल्शियमसारखा द्विभारी (दोन धनभारांचा) आयन ऋणभारित कार्बोक्सिल गटांच्या दोन साखळ्यांना एकत्र बांधू शकतो. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांत भेंडीच्या चिकट पाण्याने उसाचा रस निवळतात आणि त्यात चुनाही घालतात. भेंडीच्या चिकात असेच ऋणभारित गट असतात. काहिलीतली घाण धरून ते मळी वर आणतात. तिथे पटल होत नाही, घाण नुसती गोळा होते, तरी भारित साखळी आणि आयन यांचा संबंध त्याच जातीचा. मात्र कॅल्शियम नेहमीच पटल बळकट करतो असे नाही. कार्बोक्सिल गटाला त्याने स्वतःकडे ओढले, तर शेजारच्या धनभारित साखळीशी असलेली जोडी सुटू शकते.

दुर्बल आम्लांच्या पॉलिमरांत द्रावणाचा सामू (पीएच) हाही निर्णायक असतो: द्रावण फार आम्लधर्मी झाले की कार्बोक्सिल गटांचा भारच जातो. पॉलिअ‍ॅलिलअमाइन आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे पटल तापवले की अमाइड बंध तयार होतात; ते सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळलेले) असल्याने मीठ त्यांना तोडू शकत नाही. मिठाने पटल फुगते वा सुटते, म्हणूनच औषध सोडणाऱ्या आवरणांची कसोटी ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर शरीरातल्या द्रवाइतक्या, म्हणजे सुमारे ०.१५ मोलर खारट द्रावणात घेतात.